आवाजाचा जोडधंदा : आधी खोली, मग यंत्र



या सदरात आपण आजवर शेळ्या, कोंबड्या, रेशीम, मधमाश्या, गांडूळखत अशा जोडधंद्यांचा विचार करीत आलो. आज ज्या धंद्याबद्दल लिहितो आहे त्याला चारा लागत नाही, विहिरीचे पाणी लागत नाही आणि माल बाजारात न्यायला टेम्पोही लागत नाही. हा धंदा आहे आवाजाचा. 'हा कसला धंदा?' असे म्हणून पान उलटू नका. या धंद्याच्या नावाने आपल्या घरांतून पैसे बाहेर जाऊ लागले आहेत, आणि जिथे घरचा पैसा जातो तिथे हिशेब झालाच पाहिजे.

निमित्त एका पत्राचे आहे. दुष्काळी पट्ट्यातील एक वाचक दादा लिहितात की त्यांची मुलगी बी. ए. झाली आहे. तिचा आवाज गोड, वाचन स्वच्छ. गावच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन तीच करते. जाहिरातींना, पुस्तकांना, चित्रफितींना घरबसल्या आवाज देऊन पैसे मिळतात असे तिने मोबाइलवर पाहिले. मग तिने यादी केली : माईक, लॅपटॉप, भिंतीला लावायचा स्पंज आणि एक ऑनलाइन वर्ग. एकूण ६२ हजार रुपये. दादा विचारतात, "दावणीला दोन दुभत्या गायी आहेत. त्यांतली एक विकून सामान घेऊन द्यावे काय? पोरगी हुशार आहे, नाही म्हणवत नाही. पण घर दुधावरच चालते."

दादा, आधी उत्तर देतो, मग कारणे सांगतो. गाय विकू नका. आणि मुलीला नाहीही म्हणू नका. या धंद्याला सुरुवातीला जे लागते ते दुकानात मिळत नाही. ते घरातच आहे आणि ते तुम्हीच देऊ शकता.

हे काम आहे तरी काय?

आवाजाचा धंदा नवा नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने दीडशे गावांत शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. लोक चावडीवर, शाळेत जमून शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. त्या कार्यक्रमांतला माणूस कोणी पाहिला नव्हता, पण त्याचा आवाज घरचा वाटे. मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागले की प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर आपल्याच ओसरीवर बसून बोलताहेत असे वाटे. अमीन सयानी १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सादर करू लागले. २०२४ साली ते गेले तेव्हा ज्यांनी त्यांना कधी पाहिले नव्हते तेही हळहळले. आवाजाची ओळख अशी असते.

पूर्वी हे काम करायचे तर मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत जावे लागे. २०२० च्या टाळेबंदीत स्टुडिओ बंद पडले आणि आवाज देणारे आपापल्या घरातूनच ध्वनिमुद्रण करून पाठवू लागले. टाळेबंदी उठली, पण ती सवय राहिली. शिवाय आवाजाची गरज वाढली. स्टोरीटेलसारखी संस्था २०१७ साली भारतात आली आणि मराठी कथा-कादंबऱ्या कानाने 'वाचण्याची' सवय लोकांना लागली. त्याखेरीज जाहिराती आहेत, शाळेचे धडे आहेत, कारखान्यातील कामगारांसाठी माहितीपट आहेत, बियाणे-औषधांच्या चित्रफिती आहेत. फोन लावल्यावर 'मराठीसाठी एक दाबा' असे सांगणारी बाईसुद्धा कोणीतरी असतेच.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. चित्रपटाचे, मालिकेचे डबिंग अजूनही बरेचसे शहरातल्या स्टुडिओत, दिग्दर्शकासमोर उभे राहून होते. घरून जमते ते मुख्यतः वाचनाचे काम : पुस्तक, माहिती, जाहिरात, सूचना. मुलीच्या मनात जर सिनेमाचे डबिंग असेल तर तिला आजच सांगा, म्हणजे पुढे निराशा नको.

खोली ही या धंद्याची जमीन

बियाणे कितीही महागाचे आणा, जमीन चोपण असेल तर उगवणार नाही. या धंद्यात माईक हे बियाणे आणि खोली ही जमीन. दहा हजारांचा माईक घुमणाऱ्या खोलीत ठेवला तर तो घुमणेच अधिक स्पष्ट टिपतो.

खोलीचे रोग दोन आहेत आणि दोघांची औषधे वेगळी आहेत. करप्यावर कीटकनाशक मारून उपयोग नाही, तसेच इथे आहे.

पहिला रोग घुमण्याचा. सिमेंटच्या भिंती, शहाबादी फरशी, काचेची तावदाने यांवर आपला आवाज आपटून परत येतो. त्यावर उपाय म्हणजे जाड आणि मऊ वस्तू. यादीतला तो पातळ स्पंज फक्त बारीक, टोकदार आवाज शोषतो; जाड आवाजावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. अंड्यांचे ट्रे लावण्यात तर अर्थच नाही. आपल्या घरातली जाड गोधडी किंवा वाकळ त्याहून चांगले काम करते. ती भिंतीला चिकटवू नका, चार बोटे पुढे दोरीवर टांगा. बोलणाऱ्याच्या पाठीमागे एक, दोन्ही बाजूंना एकेक, खाली सतरंजी आणि शक्य असेल तर डोक्यावर एक.

दुसरा रोग बाहेरच्या आवाजाचा : ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, विहिरीवरची मोटार, कोंबडा, लग्नाचा डीजे. हा आवाज गोधडीने थांबत नाही. त्याला जाड भिंत लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. म्हणून रस्त्याकडची खोली घेऊ नका. नव्या स्लॅबच्या बैठकीपेक्षा जुन्या माळवदाची मागची खोली बरी, कारण तिच्या मातीच्या भिंती हातभर जाड असतात. पत्र्याखालची खोली पावसाळ्यात निकामी समजा. पत्र्यावर सर वाजू लागली की काम बंद.

शेजारच्या तालुक्यात एका शेतकरी कुटुंबातील सूनबाई हे काम करतात. त्यांची खोली मी मुद्दाम जाऊन पाहिली. ती त्यांची धान्याची खोली आहे. दोन बाजूंना ज्वारी-गव्हाची पोती छातीइतकी रचलेली, वर गोधड्या, मध्ये एक स्टूल. भरलेली पोती आवाज उत्तम शोषतात. तिथे टाळी वाजवली तर ती जागच्या जागी विरते. त्यांच्या सासूबाई ध्वनिमुद्रण चालू असताना दाराला लाल फडके लावतात. फडके दिसले की पोरेसुद्धा अंगणात हळू बोलतात. एवढ्या सगळ्याला खर्च शून्य.

परीक्षा अशी करा. जागा ठरवा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू करा आणि अर्धा मिनिट काहीही बोलू नका. मग कानाला इअरफोन लावून आवाज मोठा करून ऐका. फ्रिजची घरघर, पंखा, ट्यूबलाइटचा गुणगुणाट, लांबची मोटार असे जे एरवी कानाला जाणवत नाही ते सगळे ऐकू येईल. मातीपरीक्षण करतो तसे हे खोलीचे परीक्षण. दिवसाच्या चार वेगवेगळ्या वेळी करा आणि वहीत लिहून ठेवा. बहुतेक गावांत रात्री दहानंतरची किंवा पहाटे कोंबडा आरवण्याआधीची वेळ निघते. थ्री-फेज लाईटचे वेळापत्रक पाहून मोटारी बंद असण्याची वेळही धरता येते. लाईट गेली तर उलट बरे. फ्रिज-पंखे बंद होतात आणि मोबाइल किंवा लॅपटॉप बॅटरीवर चालतो.

यंत्रे तीन टप्प्यांनी

पहिला टप्पा, तीन महिने, खर्च जवळजवळ शून्य. घरातला मोबाइल, गोधड्या आणि साधा इअरफोन. मोबाइल विमान-अवस्थेत टाकायचा, म्हणजे मध्येच फोन येणार नाही. तोंडापासून एक वीत अंतरावर, थोडा बाजूला धरायचा. समोर धरला तर 'प', 'फ', 'भ' म्हणताना श्वासाचा फटका बसतो. रोज एक तास वाचायचे, नोंदवायचे, ऐकायचे. तीन महिने एकही दिवस न चुकता हे झाले तरच पुढच्या टप्प्याचा विचार. न झाले तर गाय वाचली असे समजा.

दुसरा टप्पा, आजच्या भावाने साधारण सहा ते दहा हजार. थेट लॅपटॉपला जोडता येणारा यूएसबी माईक तीन ते सहा हजारांत येतो. त्यापुढे लावायची जाळी, माईकचा दांडा आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यावा. लॅपटॉप नवा नको. शिक्षणासाठी घेतलेला असेल तर तोच, नाहीतर ओळखीतून जुना पाहा. ध्वनिमुद्रण कापण्या-जोडण्यासाठी 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. २००० सालापासून ते लोक वापरीत आहेत. कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

तिसरा टप्पा म्हणजे वेगळा माईक आणि त्याला जोडायचा इंटरफेस नावाचा डबा. हा खर्च वीस-पंचवीस हजारांवर जातो. तो फक्त या धंद्याच्या कमाईतूनच करायचा. घरातून एक रुपयाही घालायचा नाही.

काम देणारे काही मापे सांगतात, ती ऐकून घाबरू नका. दुधाला फॅट आणि एसएनएफ असते तशी ही मापे आहेत. ध्वनिमुद्रण सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांचे असावे आणि 'वेव्ह' प्रकारात साठवावे. अमेरिकेतील एसीएक्स या बोलक्या पुस्तकांच्या संस्थेचा दंडक असा आहे की आवाजाचे शिखर उणे ३ डेसिबलच्या वर जाऊ नये, सरासरी उणे २३ ते उणे १८ मध्ये राहावी आणि खोलीची शांतता उणे ६० किंवा त्याहून खाली असावी. यांतली पहिली दोन मापे यंत्राने साधता येतात. तिसरे माप खोलीचे आहे. ते बाजारात मिळत नाही.

आणखी एक हिशेब. तासाभराचे 'वेव्ह' ध्वनिमुद्रण एकपदरी असले तरी पावणेपाचशे एमबीपर्यंत जाऊ शकते. गावात नेट मंद असेल तर रात्री पाठवायला लावावे आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. काम हरवले तर पुन्हा वाचावे लागते.

आवाजाची मशागत

गोड आवाज असणे म्हणजे जमीन काळी असणे. पेरणी अजून व्हायची आहे.

मराठी लिहिताना अक्षर एक असते आणि बोलताना ते दोन होतात. 'चार म्हशी' मधला च वेगळा आणि 'चारा' मधला च वेगळा. 'जात-पात' मधला ज वेगळा आणि 'तो शेतावर जात आहे' मधला ज वेगळा. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' स्वच्छ वेगळे यायला हवेत. रोज वर्तमानपत्रातला एक अग्रलेख मोठ्याने वाचावा, मग तो नोंदवून ऐकावा. शांतपणे वाचले तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. घाई केली की शब्दांची शेपटे तुटतात. घरातल्या आजीला वाचून दाखवा. आजीने 'काय म्हणालीस?' असे विचारले की ते वाक्य पुन्हा.

प्रमाण मराठी शिकावीच, पण आपली बोली टाकू नये. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी बोलणारे पात्र कथेत आले की शहरातला वाचक ओढूनताणून बोलतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळते. ज्याला दोन्ही येते त्याच्याकडे दोन हंगामांचे पीक आहे.

आणखी एक गोष्ट मी माझ्या खात्याच्या अनुभवाने सांगतो. आकाशवाणीवर शेतीविषयी बोलायला गेलो तेव्हा तिथल्या जाणकारांनी सांगितले होते, 'हजारांशी बोलू नका, एका शेतकऱ्याशी बोला.' हा सल्ला आजही तितकाच खरा आहे. औषधांच्या, बियाण्यांच्या कित्येक चित्रफिती मी ऐकतो. वाचणाऱ्याने 'वाफसा' कधी पाहिलेला नसतो. 'दहा लिटर पाण्यात वीस मिली' हे वाक्य तो बातमी वाचावी तसे वाचून पुढे जातो. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी तिथे थांबेल, कारण तिला ठाऊक असते की तिचे वडील याच जागी कान टवकारतात. माप चुकीचे ऐकले गेले तर पीक जळते. हे ज्ञान कोणत्याही वर्गात विकत मिळत नाही. मुलीचे खरे भांडवल ते आहे.

घशाची काळजीही मशागतच. मळणीच्या धुळीत, फवारणीच्या दिवशी तोंडाला फडके बांधावे आणि त्या रात्री ध्वनिमुद्रण करू नये. मिसरी, तंबाखू नको. शेताच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारण्याची सवय कमी करावी. पाणी थोडे थोडे पीत राहावे. आवाज बसला तर विश्रांती घ्यावी. तीन आठवडे झाले तरी सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, घरगुती औषधांवर थांबू नये.

काम कुठे शोधायचे आणि हिशेब कसा करायचा

पहिली गिऱ्हाइके जवळ शोधा. तालुक्याची पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, दूध संघ, कृषी विज्ञान केंद्र, शाळा, बियाण्यांचे स्थानिक विक्रेते या सर्वांना आता मोबाइलवर पाठवायला आवाज लागतो. एक मिनिटाचा नमुना तयार ठेवा. त्यात तीन तुकडे असावेत : माहितीचे वाचन, गोष्टीचे वाचन आणि जाहिरात. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा बारामतीची शारदा कृषी वाहिनी अशी सामुदायिक नभोवाणी केंद्रे गावच्या माणसांचाच आवाज वापरतात. तुमच्या भागात असे केंद्र असेल तर तिथे जाऊन बसावे. पैसे कमी मिळतील, पण शिक्षण मोठे. आकाशवाणीची केंद्रे नैमित्तिक उद्घोषकांसाठी वेळोवेळी जाहिरात देऊन स्वरचाचणी घेत आली आहेत, त्यावरही लक्ष ठेवावे.

आता हिशेब. समजा साठ हजार शब्दांचे पुस्तक वाचायचे आहे. मिनिटाला १२० शब्द धरले तर पाचशे मिनिटे, म्हणजे आठ तास वीस मिनिटांचे तयार ध्वनिमुद्रण. पण वाचताना चुका होतात, त्या कापायच्या, पुन्हा वाचायचे, सगळे ऐकून तपासायचे. नवख्या माणसाला एका तयार तासामागे सहा-सात तास सहज लागतात. सात धरले तर अठ्ठावन्न तास. रोज दोन तास दिले तर एकोणतीस दिवस. आता समजा, तयार तासाला दीड हजार रुपये ठरले, तर एकूण साडेबारा हजार मिळतील. अठ्ठावन्न तासांनी भागा : तासाला सव्वादोनशेच्या आत. वाईट नाही, पण 'तासाला दीड हजार' ऐकून जे चित्र डोळ्यांपुढे आले होते ते हे नव्हे. म्हणून दर ठरवताना नेहमी विचारावे : तयार तासाचा की कामाच्या तासाचा? दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या? पैसे कधी मिळणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दुधाचे बिल दहा-पंधरा दिवसांनी येते. आवाजाचे बिल काम दिल्यावर महिना-दोन महिने येत नाही, आणि मधले काही महिने काम मुळीच नसते. त्या सूनबाईंना पहिले तीन महिने एक पैसा मिळाला नव्हता. चौथ्या महिन्यात एका पतसंस्थेच्या सूचनेचे काम मिळाले. घर दुधावर चालते म्हणूनच त्या तग धरू शकल्या. दादा, गाय विकू नका असे मी म्हणतो ते यासाठी. गाय हा या धंद्याचा आधार आहे, त्याचे भांडवल नव्हे.

आणि हे ध्यानात असू द्या : शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, आवाजाच्या उत्पन्नाला ती सवलत नाही. कंपन्या कधी कधी कर कापून पैसे देतात. पॅन कार्ड काढून ठेवा आणि प्रत्येक कामाची नोंद वहीत करा.

ठगांपासून आणि कागदांपासून सावध

आमच्या तालुक्यातील एका तरुणाने 'वर्ग पूर्ण करताच कामाची हमी' या जाहिरातीला भुलून अठरा हजार भरले. प्रमाणपत्र आले, काम आले नाही, नंतर फोनही लागेना. नियम सोपा आहे. खरे काम पैसे देते, मागत नाही. नोंदणी फी, अनामत, सॉफ्टवेअरचे पैसे, 'तुमचे मानधन अडकले आहे, सोडवायला एवढे भरा' यांतले काहीही कानावर आले की फोन ठेवा. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक. नमुना म्हणून अर्धा मिनिट वाचून दाखवणे रास्त आहे. कोणी अख्खे प्रकरण 'नमुना' म्हणून फुकट मागत असेल तर तो नमुना नव्हे, ती वेठ आहे.

दुसरा धोका नवा आहे. आता यंत्र माणसाच्या आवाजाचे थोडे नमुने घेऊन त्याच आवाजात हवे ते बोलू शकते. आपल्या गावरान वाणाचे बी कोणी एकदा नेले आणि पुढे आपल्यालाच न विचारता पेरत राहिले, तसे हे आहे. २०२४ च्या जुलैमध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिले. पण ते नामवंत आहेत, त्यांना वकील करता येतो. आपले संरक्षण म्हणजे सही करण्याआधी कागद वाचणे. काम कशासाठी, कुठे आणि किती काळ वापरणार हे लेखी असावे. 'हा आवाज यंत्राला शिकवण्यासाठी किंवा त्याची नक्कल करण्यासाठी वापरला जाणार नाही' हे वाक्य घालून घ्यावे. 'मोबाइलवर पाचशे वाक्ये वाचा, पैसे देतो' अशी कामे बहुधा यंत्राला शिकवण्यासाठीच असतात. ती करावीत की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण आपण काय विकतो आहोत हे कळून विकावे. कागद इंग्रजीत असेल तर गावातील शिक्षकांकडून, वकिलांकडून समजून घ्या. सातबारावर न वाचता अंगठा देत नाही ना? मग इथेही देऊ नका.

यंत्रामुळे हा धंदा बुडेल काय, असेही काही जण विचारतात. खरे सांगायचे तर फोनवरच्या सूचना, ठराविक घोषणा अशी हलकी कामे यंत्राकडे जाऊ लागली आहेत. तेवढ्यावरच विसंबून कोणी हा धंदा धरू नये. गोष्ट सांगणे, बोलीत बोलणे, वाफसा म्हणजे काय ते कळून वाचणे यांची किंमत टिकण्याची शक्यता अधिक. मशागत त्या दिशेने करावी.

घराने काय द्यायचे

आता घरातल्या थोरांसाठी दोन शब्द. आपल्या घरात मुलगी किंवा सून स्वस्थ बसून वाचताना दिसली की हमखास हाक जाते : 'अगं, जरा चहा टाक', 'वासराला सोड', 'पाहुणे आलेत'. वाक्य मध्येच तुटले की ते पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागते. चार वेळा तुटले की त्या रात्रीचे काम संपले. माईक नसल्यामुळे जेवढी कामे बुडत नाहीत तेवढी या हाकांमुळे बुडतात.

म्हणून ६२ हजारांऐवजी घराने तीन गोष्टी द्याव्यात. एक, शांत कोपरा, तो पोत्यांमध्ये असला तरी चालेल. दोन, रोजचे ठरलेले दोन तास, आणि त्या दोन तासांतले तिचे काम दुसऱ्याने उचलायचे. पहाटेची धार दादांनी काढली तर काही बिघडत नाही. तीन, मिळालेला पैसा तिच्या स्वतःच्या बँक खात्यात. घराला लागला तर ती देईलच, पण हिशेब तिच्या हाती असावा. उद्या लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली तरी हा धंदा एका पिशवीत मावतो. तिथल्या माणसांनीही दाराला लाल फडके लावायला शिकावे, एवढेच.

पीक जसे वेळेवरच हाती येते, तसे हेही एका महिन्यात पिकणार नाही. वर्ष धरा. या आठवड्यात एवढेच करा : घरातल्या चार जागी अर्ध्या मिनिटाच्या शांततेची परीक्षा घ्या, वेळ लिहा, आणि सर्वांत शांत जागा कोणती निघाली ते एका कार्डावर कळवा. ज्यांचे तीन महिने न चुकता वाचन होईल त्यांनी जरूर लिहावे. पुढच्या टप्प्याचे सामान कोणते घ्यावे याचा विचार आपण याच सदरात मिळून करू.

पुढील अंकी : कांदा चाळीत कांदा का सडतो आणि हवा खेळती कशी ठेवावी.